चिलेटेड लोह, ईडीटीए आणि ईडीडीएचए : यातला लिगंड नेमकं काय करतो?

बांधावरचा
नमस्कार मंडळी. जालना जिल्ह्यात आमची मोसंबीची बाग आहे. जमीन चुनखडीची, माती परीक्षणात सामू (पीएच) ८.३ आला. दरवर्षी नवती (नवी पालवी) फुटली की पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता, एवढं आता पाठ झालंय. आधी हिराकस (फेरस सल्फेट) टाकला, काही फरक पडला नाही. मग दुकानदार म्हणाला, चिलेटेड लोह घ्या. ईडीटीएवालं घेतलं आणि ठिबकमधून सोडलं. पानं आठवडाभर जरा बरी दिसली, पुन्हा जैसे थे. आता कुणी म्हणतं ईडीडीएचए घ्या, पण ते कितीतरी महाग आहे.

घ्यायचं की नाही हे मी ठरवीन. मला आधी समजून घ्यायचंय. डब्यावर लिहिलेलं 'चिलेट' म्हणजे काय? पुतणी बारावीला आहे. ती म्हणते, काका, हे आमच्या कोऑर्डिनेशन कंपाउंडच्या धड्यात आहे, याला लिगंड म्हणतात. तिची व्याख्या ऐकली, पण माझ्या मातीत काय घडतं ते त्यातून कळलं नाही. दोन्ही डब्यांत लोहच आहे ना? मग एक चालतं आणि एक का चालत नाही?

परीक्षानळी
दादा, प्रश्न अगदी मुळाला हात घालणारा आहे. मी पदवीच्या मुलांना हा विषय शिकवते, आणि या धड्याची सुरुवात तुमच्या बागेपासून करावी असं मला मनापासून वाटतं.

आधी थोडक्यात पाया. लोह पाण्यात विरघळलं की त्याचा आयन एकटा फिरत नाही. त्याच्याभोवती लगेच कुणीतरी येऊन बसतं. दुसरं कुणी नसेल तर पाण्याचे सहा रेणू बसतात. पाण्यातल्या ऑक्सिजनकडे इलेक्ट्रॉनच्या मोकळ्या जोड्या असतात, त्यातली एक तो धातूला देऊ करतो. अशी जोडी देऊन धातूला चिकटणारा रेणू किंवा आयन म्हणजे लिगंड. पाणी, अमोनिया, क्लोराइड, सायनाइड, कार्बन मोनॉक्साइड हे सगळे लिगंड. व्याख्या इथे संपते. खरा विषय पुढे आहे : धातू तोच राहतो, पण त्याच्याभोवती कोण बसलंय त्यावर त्याचा रंग, त्याची विद्राव्यता, तो विषारी की औषधी, झाडाला मिळेल की मातीत गाडला जाईल, हे सगळं ठरतं.

हिराकसात लोहाभोवती पाणी असतं. चुनखडीच्या जमिनीत ते लोह हवेतल्या ऑक्सिजनमुळे फेरसचं (दोन धनभारांचं) फेरिक (तीन धनभारांचं) होतं, आणि मातीतले हायड्रॉक्साइड आयन पाण्याची जागा घेतात. गंजासारखा तपकिरी साका बनतो. लोह मातीत असतं, पण विरघळलेलं नसतं. तुमच्या जमिनीत एकूण लोह कमी नाही, हे लक्षात घ्या. मराठवाड्याची माती बेसाल्टची, तिच्यात लोह भरपूर. मुळाला पाण्यात विरघळलेलं मिळत नाही, एवढंच दुखणं आहे.

ईडीटीए हा असा लिगंड आहे की त्याचा एकच रेणू धातूला सहा ठिकाणी धरतो : दोन नायट्रोजन आणि चार ऑक्सिजन. धातूभोवती पाच-पाच अणूंची कडी तयार होतात. अशा कडी करून धरणाऱ्या जोडणीला चिलेट म्हणतात.

बांधावरचा
म्हणजे बैल एका दाव्याने बांधला तर दावं सुटलं की तो गेला. चारही बाजूंनी बांधला तर एक सुटलं तरी बाकीची धरून ठेवतात आणि सुटलेलं परत बांधायला वेळ मिळतो. असंच ना?

परीक्षानळी
हो, अगदी तसंच. सुटलेलं टोक दूर जाऊ शकत नाही, कारण त्याचा रेणू बाकीच्या टोकांनी तिथेच अडकलेला असतो. शिवाय आणखी एक कारण आहे. धातूभोवतीची सहा पाणी-रेणूंची जागा एका ईडीटीएने घेतली की सहा रेणू मोकळे होतात. एक आत, सहा बाहेर. मोकळ्या कणांची संख्या वाढली की एन्ट्रॉपी (विखुरलेपणा) वाढते आणि समतोल त्या बाजूला झुकतो.

आकड्यात सांगते. निकेलला सहा अमोनिया लावले तर स्थिरांकाचा (पकड किती घट्ट याच्या मापाचा) लॉग, म्हणजे दहाचा घात, ८.६ च्या आसपास येतो. तेच सहा नायट्रोजन एथिलीनडायअमीनच्या तीन रेणूंतून दिले, तर लॉग १८.३ च्या आसपास. धरणारे अणू तेच, नायट्रोजनच. नुसते दोन-दोन एकत्र जोडलेले असल्यामुळे फरक अब्जावधी पटींचा. (एककं वेगळी असल्यामुळे तुलना ढोबळ आहे, पण दिशा पक्की.)

पहाटतारा
मी ती पुतणी. काकांनी लिंक दिली. मॅडम, आमच्या नोट्समध्ये फेरिक लोह आणि ईडीटीएचा लॉग २५.१ दिलाय, कॅल्शियमचा १०.७. म्हणजे लोहाची पकड कॅल्शियमपेक्षा चौदा शून्यांनी जास्त. मग चुनखडीतलं कॅल्शियम लोहाला ढकलून कसं काढेल? उलट व्हायला हवं ना?

परीक्षानळी
शाब्बास! हाच प्रश्न मी परीक्षेत विचारते. उत्तर असं की हा सामना लोह आणि कॅल्शियम या दोघांतला नाहीच. यात तिसरा गडी आहे, हायड्रॉक्साइड. ईडीटीएला मोकळं लोह मिळालं तर तो ते पकडेल, पण मोकळं लोह उरलंय किती?

वही घे आणि करून बघ. फेरिक हायड्रॉक्साइडचा विद्राव्यता गुणाकार (मोकळं लोह गुणिले हायड्रॉक्साइडचा घन) अंदाजे दहाचा उणे ३८.५ वा घात. सामू ८ असेल तर हायड्रॉक्साइड दहाचा उणे ६ वा घात. त्याचा घन उणे १८. म्हणजे मोकळं लोह उरलं दहाचा उणे २०.५ वा घात. ते लोहाच्या स्थिरांकाने गुण, म्हणजे घातांची बेरीज कर : २५.१ वजा २०.५, म्हणजे ४.६. आता कॅल्शियम. मातीच्या ओलाव्यात ते साधारण दहाचा उणे ३ वा घात धर. १०.७ वजा ३, म्हणजे ७.७. कोण मोठा? कॅल्शियम, तेही हजार पटींनी. ईडीटीए कॅल्शियमला जाऊन मिळतो आणि लोह साका होऊन बसतं.

सामू ६ घेऊन तेच कर. मोकळं लोह उणे १४.५, म्हणून बेरीज १०.६. आता लोह जवळपास हजार पटींनी पुढे. सामू ७ ला दोघं जवळजवळ बरोबरीत. सामू एकाने वाढला की मोकळं लोह हजार पटींनी घटतं, कारण हायड्रॉक्साइडचा घन होतो. म्हणूनच ईडीटीए लोह साधारण साडेसहा सामूपर्यंत भरवशाचं मानतात. काकांच्या ८.३ ला ते टिकणं शक्यच नव्हतं. आठवडाभर जो फरक दिसला तो खरा असणार. समतोल गाठायला काही दिवस लागतात आणि तेवढ्यात मुळांनी थोडं लोह उचललं.

दादा, त्याच ईडीटीएची फवारणी केली असती तर गोष्ट वेगळी होती. पानावर चुनखडी नसते.

बांधावरचा
मॅडम, हे मला आजवर कुणी असं सांगितलं नव्हतं. दुकानात एवढंच ऐकलं की 'चिलेटेड आहे, लागू पडतंच.'

मग ईडीडीएचए का टिकतं?

जुनीवही
हे मी सांगतो. मी खतांच्या गुणनियंत्रण प्रयोगशाळेत नोकरी केली, आता निवृत्त आहे. ईडीडीएचएसुद्धा सहा ठिकाणीच धरतो, पण त्याचे सहापैकी दोन अणू फिनॉलचे ऑक्सिजन असतात. फेरिक लोह छोटं आणि तीन धनभारांचं, त्याला असा घट्ट ऋणभारी ऑक्सिजन फार मानवतो. रसायनशास्त्रज्ञ पिअरसनने १९६३ मध्ये कठीण आणि मृदू आम्ल-अल्कलींची जी मांडणी केली त्यात हे नीट बसतं : कठीण धातूला कठीण लिगंड. ईडीडीएचएचा लोहासाठी लॉग ३४ च्या घरात जातो, आणि कॅल्शियमशी मात्र त्याचं विशेष जमत नाही. त्यामुळे सामू नऊपर्यंतही तो लोह सोडत नाही.

रंगानेही ओळखता येतो. ईडीटीए लोहाचं द्रावण पिवळट असतं. ईडीडीएचएची चिमूट पाण्यात टाकली की लालभडक धागे सुटत खाली उतरतात आणि सगळं पाणी डाळिंबी होतं. फिनॉलच्या ऑक्सिजनकडून इलेक्ट्रॉन लोहाकडे झेपावतो, त्याचा हा रंग.

पण दादा, डबा घेताना एक गोष्ट नक्की पाहा. नुसतं 'लोह ६ टक्के' वाचून पैसे देऊ नका. 'ऑर्थो-ऑर्थो' किती टक्के आहे ते पाहा. हा रेणू बनवताना फिनॉलचा हात कधी योग्य जागी लागतो, कधी पलीकडच्या टोकाला. पलीकडे लागला तर तो ऑक्सिजन लोहापर्यंत पोचतच नाही. सहाऐवजी पाचच ठिकाणी पकड राहते आणि चुनखडीत तो माल लवकर सुटतो. लोहाच्या सहा टक्क्यांपैकी ४.८ टक्के ऑर्थो-ऑर्थो असलेला माल आणि जेमतेम दोन टक्के असलेला माल दिसायला सारखेच लाल. शेतकऱ्याचा पैसा इथे वाया जातो आणि याचं मला फार वाईट वाटत आलं आहे.

सह्यवारा
उत्तम धागा. थोडी इतिहासाची भर घालतो, कारण 'सहा ठिकाणी' हे सगळे सहज म्हणताहेत, पण हा सहा आकडा कमावलेला आहे.

एकोणिसाव्या शतकात कोबाल्ट क्लोराइड आणि अमोनियाची रंगीबेरंगी संयुगं माहीत होती. सहा अमोनियावालं पिवळं, पाचवालं जांभळं, चारवालं हिरवं. प्रत्येकात क्लोरीन तीनच. डेन्मार्कचे रसायनशास्त्रज्ञ योर्गेनसेन म्हणत, अमोनिया साखळीसारखे एकामागोमाग जोडलेले आहेत. १८९३ मध्ये झ्युरिकच्या आल्फ्रेड वेर्नरने, वय वर्षं २६, मांडलं की धातूभोवती सहा जागा अष्टफलकाच्या सहा कोपऱ्यांवर असतात. पुरावा काय? सिल्व्हर नायट्रेट घाला. पिवळ्यातून तिन्ही क्लोराइड पांढऱ्या साक्यात येतात, जांभळ्यातून दोन, हिरव्यातून एकच. न आलेले क्लोराइड आत धातूला चिकटून बसले आहेत, लिगंड म्हणून. मोजून पाहा, दर वेळी आतली संख्या सहाच भरते. मिओलाती या सहकाऱ्याबरोबर त्याने द्रावणांची विद्युतवाहकता मोजली, तिनेही हेच सांगितलं.

तरी विरोधक हटले नाहीत. १९११ मध्ये त्याच्या प्रयोगशाळेत डाव्या-उजव्या हातासारखी दोन रूपं वेगळी करून दाखवली, जी अष्टफलकाशिवाय शक्य नव्हती. १९१३ ला नोबेल मिळालं. त्यानंतरही कुणी म्हणत की हा डावा-उजवा गुण कार्बनमुळे येतो, म्हणून १९१४ मध्ये त्याने कार्बनचा एकही अणू नसलेलं संयुग घेऊन तेच करून दाखवलं. योर्गेनसेनबद्दलही आदर हवा. त्यांनी इतक्या निगुतीने बनवून ठेवलेले क्षार नसते तर वेर्नरचं काम कितीतरी लांबलं असतं.

पहाटतारा
मॅडम, एक शंका. स्पेक्ट्रोकेमिकल मालिकेत सायनाइड आणि कार्बन मोनॉक्साइड 'प्रबळ' लिगंड आहेत आणि पाणी, क्लोराइड 'दुर्बल'. प्रबळ म्हणजे घट्ट धरणारा का?

परीक्षानळी
नाही, आणि या एका शब्दाने मुलांचा फार घोटाळा होतो. ती मालिका जपानच्या त्सुचिदांनी १९३८ मध्ये रंगांवरून लावली. धातूच्या डी-कक्षकांच्या (इलेक्ट्रॉनच्या जागांच्या) ऊर्जेत लिगंड किती फट पाडतो, एवढंच ती सांगते. फट बदलली की शोषला जाणारा रंग बदलतो. मोरचूदच्या (कॉपर सल्फेटच्या) फिकट निळ्या द्रावणात अमोनिया घालत जा : आधी निळसर साका येतो, आणखी घातलास की तो विरघळून गडद, जर्द निळा रंग येतो. पाण्याच्या जागी अमोनिया बसला, फट वाढली. (खिडक्या उघड्या ठेवूनच कर, अमोनियाची वाफ डोळ्यांना झोंबते.)

घट्टपणा वेगळा आणि वेगही वेगळा. निकेलला चार सायनाइड लागले की पकड जबरदस्त असते, पण किरणोत्सारी कार्बन वापरून पाहिलं तर बाहेरचे सायनाइड आणि आतले क्षणार्धात जागा बदलतात. उलट कोबाल्टच्या सहा अमोनियावाल्या पिवळ्या आयनाने आम्लात खरं तर तुटायला हवं, पण तो दिवसेंदिवस तसाच राहतो. पहिला स्थिर पण चपळ, दुसरा अस्थिर पण संथ. हेन्री टाउबे यांनी १९५२ मध्ये हा फरक धातूच्या इलेक्ट्रॉन-रचनेशी जोडून दाखवला, १९८३ चं नोबेल त्यांना याच क्षेत्रातल्या कामासाठी मिळालं.

मिठात सायनाइड असल्याचे संदेश फिरतात ना, ते यामुळेच फसवे ठरतात. मीठ मोकळं राहावं म्हणून पोटॅशियम फेरोसायनाइड घालतात, आपल्याकडे किलोला १० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. त्यातले सहा सायनाइड लोहाला घट्ट तर धरतातच, शिवाय सुटायलाही फार संथ. पोटातून जाईपर्यंत ते लोहाला सोडत नाहीत.

शुश्रूषा
मी डॉक्टर आहे, माझ्या बाजूचं लिहिते, कारण इथे लिगंड हा माणसाच्या जिवाचा प्रश्न असतो.

रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये लोहाच्या सहा जागांपैकी चार पॉर्फिरीन या रेणूच्या कड्याने घेतलेल्या असतात, पाचवी प्रथिनातल्या हिस्टिडीनने. सहावी ऑक्सिजनसाठी. त्याच सहाव्या जागेवर कार्बन मोनॉक्साइड दोनशेहून अधिक पट घट्ट बसतो. बंद न्हाणीघरात गॅस गिझर चालू ठेवल्याने दर हिवाळ्यात माणसं दगावतात, ती या एका लिगंडमुळे. त्याला वास नाही, रंग नाही. कृपया गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर बसवा.

चिलेट औषध म्हणूनही वापरतात. विल्सनच्या आजारात यकृतात तांबं साठतं. पेनिसिलामीन ते धरून लघवीवाटे काढतं. १९५६ पासून ते वापरात आहे. शिशाच्या विषबाधेत ईडीटीए देतात, पण कॅल्शियम आधीच भरलेला. परीक्षानळी ताईंनी मातीत जे गणित मांडलं तेच रक्तात चालतं : रिकामा डायसोडियम ईडीटीए शिरेतून दिला तर तो रक्तातलं कॅल्शियमच ओढून घेतो आणि हृदय थांबू शकतं. अमेरिकेत २००३ ते २००५ दरम्यान असे मृत्यू नोंदले गेले आहेत. 'शरीर शुद्ध करणारी चिलेशन थेरपी' अशी जाहिरात दिसली तर लांब राहा.

बांधावरचा
डॉक्टर ताई, गिझरचं आजच घरी सांगतो.

अजून एक विचारतो. आमच्याच चुनखडीच्या बांधावर गवत हिरवंगार असतं आणि मोसंबी पिवळी. गवताला कोण चिलेट देतं?

परीक्षानळी
गवत स्वतःच बनवतं! ज्वारी, गहू, जव ही गवतवर्गीय झाडं लोह कमी पडलं की मुळांतून लिगंड सोडतात. जपानमध्ये ताकागी यांनी १९७६ मध्ये ओट आणि भाताच्या मुळांच्या स्रावात हे दाखवलं. अशा लिगंडांतला एक रेणू म्हणजे म्युजिनेइक आम्ल. ते मातीतलं फेरिक लोह विरघळवतं आणि मूळ ती अख्खी जोडी आत घेतं. जिवाणू तर याहून पुढे. एन्टेरोबॅक्टिन नावाचा त्यांचा लिगंड लोहाला लॉग ४९ ने धरतो.

मोसंबीचा मार्ग वेगळा आहे. तिचं मूळ आजूबाजूला आम्ल सोडतं आणि पृष्ठभागावर फेरिकचं फेरस करतं. फेरसवर ईडीडीएचएची पकड ढिली पडते, लोह आत जातं आणि रिकामा लिगंड पुन्हा मातीतलं लोह आणायला मोकळा होतो. म्हणजे तो खत कमी आणि हमाल जास्त. पण चुनखडीत बायकार्बोनेट मुळाचं आम्ल जागच्या जागी मारून टाकतं, म्हणून ती अडते. विहिरीचं पाणीही एकदा तपासून घ्या, बायकार्बोनेटसाठी.

जुनीवही
दादा, पैसे घालण्याआधी घरी एक चाचणी करता येईल. दोन काचेच्या बरण्या घ्या. दोन्हीत तुमच्याच बागेतली मूठभर माती आणि तेवढंच पाणी. एकीत ईडीटीए लोह, दुसरीत ईडीडीएचए, प्रत्येकी चिमूटभर. हलवून सावलीत ठेवा, उन्हात चिलेट फुटतं. दोन-तीन दिवस मधूनमधून हलवत राहा, मग माती खाली बसू द्या आणि वरचं पाणी पाहा. चांगल्या मालाचा लाल रंग वर टिकलेला दिसेल. रंग फार उतरला तर तो माल घेऊ नका.

बांधावरचा
करून पाहिलं. ईडीटीएच्या बरणीतलं पाणी जवळजवळ बिनरंगी झालंय. ईडीडीएचएच्या दोन बरण्या केल्या, त्यांत डाळिंबी रंग आहे. दोन दुकानांतून ईडीडीएचएचे छोटे नमुने आणले होते, त्यात एकाचा रंग निम्म्याहून उतरला, दुसऱ्याचा थोडाच. दुसऱ्याच्या डब्यावर ऑर्थो-ऑर्थो ४.८ लिहिलंय, पहिल्याच्या डब्यावर काहीच नाही. पुतणीने सगळ्या बरण्यांचे फोटो वर्गात दाखवायला नेले.

आता कधी सोडू? आणि पिवळी झालेली पानं हिरवी होतील का?

परीक्षानळी
अंबिया बहाराची नवती फुटायच्या सुमारास, मुळं जागी असताना सोडा. ठिबकच्या ओल्या पट्ट्यातच जाऊ दे, लगेच भरपूर पाणी देऊ नका, नाहीतर मुळाखाली वाहून जाईल. एकदम देण्यापेक्षा दोन-तीन वेळा विभागून द्या. आणि जुन्या पानांवरून निकाल लावू नका. लोह झाडात एका पानातून दुसऱ्या पानात फारसं सरकत नाही, त्यामुळे नवी पानं काय रंगाची निघतात ते पाहा.

पहाटतारा
मॅडम, बरण्यांचे फोटो वर्गात सगळ्यांनी पाहिले. आमच्या सरांनी फळ्यावर तुमचं सामू ८ चं गणित सोडवून घेतलं. आता सामू ८.३ चं मी घरी करतेय, काकांच्या जमिनीचं.